उतार खरा, गोळे खोटे

माझ्या पहिल्या नोकरीत मी खोटं पाणी तयार करायचे. कारंजी, पोहण्याचे तलाव, सोसायटीच्या दारातला छोटासा धबधबा. अजून पायाही न खणलेल्या इमारतींची फिल्म बनवायची आणि फ्लॅट बघायला आलेल्या लोकांना ती दाखवायची, हे माझं काम होतं. पावसाळ्यामागून पावसाळे कोरडे जात होते. हर्सूलला आमच्या घरी नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी, आणि बाबा त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. मी दिवसभर ऑफिसात निळंशार पाणी उडवायचे आणि घरी येऊन तांब्याभर पाण्यात भांडी विसळायचे. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं माझ्या डोक्यातही आलं नाही. राग नंतर आला, आणि आला तो गेलाच नाही.

ऑफिस उस्मानपुऱ्यात होतं. ज्यांचं होतं त्यांनी मला आर्किटेक्चर कॉलेजात शिकवलं होतं, म्हणून नोकरीतही मी त्यांना सरच म्हणायचे. वर्गात ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, की जमिनीचं ऐकल्याशिवाय कागदावर रेघ मारू नका. ते बोलायला लागले की आम्ही पेन खाली ठेवून ऐकायचो. त्यांच्याच हाताखाली काम मिळालं त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. हे मुद्दाम सांगते, कारण परक्या माणसाचा इतका राग येत नाही.

तिथंच सर्व्हेचं काम बघणारे एक जण होते, चाळिशी ओलांडलेले. देवगाव रंगारीकडचं मेंढपाळाचं घर. वडील अजून मेंढरांमागं फिरत होते, आणि हे आयटीआय करून शहरात आले होते. मी त्यांना भाऊ म्हणायचे. ते मला मॅडम म्हणायचे, कितीही नको म्हटलं तरी. तिकाटण्यावर यंत्र लावून जमिनीचा चढउतार मोजण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण यंत्र लावायच्या आधी ते साइटवर चपला काढून एक फेरी मारायचे. विचारलं तर म्हणायचे, "पायाला आधी कळतं, मॅडम. यंत्र नंतर सही करतं."

फिल्म बनवायची जुनी पद्धत जीव खायची. एकेक चित्र रंगवायला कॉम्प्युटर तास-तास घ्यायचा, आणि मध्येच लाइट गेली की सगळं मुसळ केरात. मग मला गेम इंजिन सापडलं. मुलं जे गाड्या पळवायचे आणि बंदुका चालवायचे व्हिडिओ गेम खेळतात, ते ज्या सॉफ्टवेअरवर तयार होतात ते. ते फुकट मिळायला लागलं होतं. त्यात आपली इमारत टाकली की तिच्यातून चालत जाता येतं. दार ढकललं की उघडतं, हातातली वस्तू सोडली की खाली पडते. भिंतीला धडकली तर थांबते. आणि कॅमेरा हवा तिथं उभा करून हे सगळं चित्रित करता येतं.

ऑफिसचं काम दुपारी लवकर आटपलं की मी माझे प्रयोग करत बसायचे. पहिला प्रयोग उन्हाचा. मे महिन्यातला सूर्य लावला, पश्चिमेकडच्या बेडरूमच्या कोपऱ्यात कॅमेरा ठेवला आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस दोन मिनिटांत चित्रित केला. दुपारनंतर ती खोली अशी काही पेटली की बघणाऱ्याला घाम यावा. दुसरा प्रयोग जिन्याचा. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेतलेली एक बाई मी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवली, कारण टँकर खाली येतो आणि लाइट नसली की मोटार चालत नाही, हे आम्हाला घरात रोज कळत होतं. प्रत्येक वळणावर तिची बादली कठड्याला आपटत होती. सरांनी ती फिल्म दोनदा बघितली. मग नकाशा मागवला आणि जिना अर्ध्या फुटानं रुंद केला. त्या दिवशी मला वाटलं, आयुष्यभर हेच काम करावं.

त्याच सुमारास पैठण रोडवरचा, बिडकीनच्या अलीकडचा, मोठा प्रोजेक्ट आला. पुढं कारखाने येणार, माणसं येणार, म्हणून त्या बाजूला जो तो जमिनी बघत होता. सहा इमारती, मध्ये बाग, कडेला दुकानं. भाऊ सर्व्हे करून आले आणि आकड्यांचे कागद टेबलावर ठेवत म्हणाले, "मधून वढा जातोय."

सरांनी मान वर केली नाही. "जातोय नाही, जात होता. बुजवलाय तो. मुरूम टाकलाय क्लायंटनं."

"वरून दिसत नाय, सर. पण जमीन अजून तिकडंच कलती."

"सपाट धरा," सर म्हणाले. आणि मला सांगितलं, "तूही सपाटच धर. फिल्ममध्ये उतार वाईट दिसतो."

मी सपाट धरलं. पगार घेत होते. पण भाऊंचे खरे आकडे मी दुसऱ्या फाइलीत ठेवून दिले. घरी जेवताना बाबांना सहज बोलून गेले. बाबा भूमी अभिलेख कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "गट नंबर काय?" दोन दिवसांनी, नळाचा दिवस नसताना, ते उन्हात जाऊन गावनकाशाची नक्कल घेऊन आले. त्यात ओढा होता. वळणं घेत जाणारी दुहेरी रेघ. मी आमचा प्लॅन तिच्यावर ठेवून बघितला. ओढा बरोबर तिसऱ्या इमारतीच्या पोटाखालून जात होता. आणि तळमजल्यावरचे फ्लॅट सगळ्यात स्वस्त होते, म्हणजे तिथं कोण येणार तेही ठरल्यासारखंच होतं.

मग मी पावसाचा प्रयोग केला. माझ्या कॉम्प्युटरला खरं पाणी झेपलं नसतं, त्यामुळं पाण्याऐवजी गोळे घेतले. लिंबाएवढे, काही हजार. खऱ्या उताराची जमीन केली, तिच्यावर सहाही इमारती उभ्या केल्या आणि वरून गोळे सोडले. कुठलं पाणी कुठून येतं ते कळावं म्हणून त्यांना रंग दिले. वरच्या माळावर पडलेले लाल, रस्त्यावरचे पिवळे, गच्च्यांवरचे निळे. पहिल्यांदा ते नुसते इकडंतिकडं उड्या मारत राहिले. मग एकेक करून त्यांना वाट सापडली. लाल आणि पिवळे एकत्र झाले, निळे त्यांना येऊन मिळाले, आणि सगळी रांग बुजवलेल्या ओढ्यावरून वळणं घेत तिसऱ्या इमारतीकडं निघाली. कॅमेरा मी तळमजल्याच्या एका स्वयंपाकघरात ठेवला होता, ओट्याच्या उंचीवर. गोळे आधी दारातून आले, मग खिडकीतून. शेवटी ओटा दिसेनासा झाला.

सरांना दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. मला वाटलं आता नकाशा मागवतील.

"छान जमलंय," ते म्हणाले. "पण पाऊस कुठंय? तळ्यात ढेकळं निघालीत."

"सर, कधीतरी पडेलच ना."

"पडेल तेव्हा बघू. फाइल दे मला. क्लायंटच्या कानावर घालतो."

मी फाइल दिली. विश्वासानं दिली.

प्रोजेक्टचं उद्घाटन एका लॉनवर झालं. दुष्काळात एवढं हिरवं गवत कुठल्या पाण्यावर, हा प्रश्न तिथं कोणी कोणाला विचारला नाही. मोठा पडदा लावला होता. पाहुणे, बुकिंगला आलेली कुटुंबं, आइस्क्रीमच्या रांगेत पोरं. आधी माझी सपाट फिल्म झाली, कारंज्यांची. मग बासरी वाजायला लागली आणि पडद्यावर माझे गोळे आले. लाल, पिवळे, निळे. उड्या मारत, एकमेकांत मिसळत, बागेतून घरंगळत. मागं लहान मुलांच्या हसण्याचा आवाज घातला होता. वर अक्षरं आली, 'इथं प्रत्येक दिवस रंगांचा'. गोळे तिसऱ्या इमारतीच्या दारात पोचायच्या आत चित्र कापलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "किती गोड केलंय, नाही?"

भाऊ मागं खुर्च्यांपाशी उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घातली, जणू त्यांनीच काही केलं होतं.

मी सरांना स्टेजच्या कडेला गाठलं. "सर, हे काय आहे?"

"क्लायंटला फार आवडलं. म्हणाला, अशी कल्पना पुण्यातसुद्धा कोणी केली नाही. तुझं नाव सांगितलं मी."

"तो पूर आहे, सर."

"हळू बोल."

"तो पूर आहे आणि तुम्हाला ते माहीत आहे. तुम्हीच शिकवलंत मला."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वर्गात शिकवतात ते वर्गासाठी असतं," म्हणाले, आणि पाहुण्यांकडं वळले. मी तो हात झटकायला हवा होता. झटकला नाही. ते मला अजून डाचतं.

सोमवारी मी राजीनामा दिला. आई म्हणाली, दुसरी नोकरी बघून मग सोडायची होतीस. बाबांनी गावनकाशाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या टेबलावर ठेवली. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन मी साइटवरच्या बुकिंग ऑफिसच्या बाहेर जाऊन बसले, पत्र्याच्या सावलीत. येईल त्याला पूर्ण फिल्म दाखवायची, ओट्यापर्यंतची.

बरेच जण थांबलेच नाहीत. कोणी म्हणालं, "मॅडम, गेम विकताय का?" दुसऱ्या बिल्डरनं पाठवलंय का, असंही एकानं विचारलं. मग एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आणि त्यांची बायको आली. तिचे गुडघे गेले होते, म्हणून तळमजला बुक केला होता, आणि तोही तिसऱ्या इमारतीतला. दोघांनी उभ्यानं फिल्म बघितली. बाई म्हणाली, "माझं स्वयंपाकघर आहे हे."

कंडक्टरांनी विचारलं, "पोरी, हे खरं आहे का खोटं?"

"काका, उतार खरा आहे. गोळे खोटे आहेत."

त्यांनी आणखी एकदा लावायला सांगितलं. मग पिशवीतून वही काढून माझा नंबर लिहून घेतला. आयुष्यभर बसमध्ये लोकांशी वाद घातलेला माणूस. पुढच्या महिन्याभरात त्यांनी तळमजल्याच्या सगळ्या बुकिंगवाल्यांना शोधून काढलं आणि एके दिवशी सगळे मिळून बिल्डरच्या ऑफिसात जाऊन बसले. मला वॉचमननं साइटवरून हाकललं होतं, पण फिल्म त्यांच्या मोबाइलमध्ये होती. बिल्डर आधी हसला, मग चिडला. शेवटी कबूल झाला. वरच्या अंगाला दगडी भिंत बांधायची, भिंतीच्या कडेनं सिमेंटची नाली काढायची आणि पाणी इमारतींच्या बाजूनं पुढं काढून द्यायचं.

मी त्या भिंतीचा आणि नालीचा नकाशा कंडक्टरांकडून मागवून घेतला, माझ्या फाइलीत टाकला आणि गोळे सोडले. लाल गोळे भिंतीला थडकले, वळले, नालीतून रांगेनं गेले. स्वयंपाकघर कोरडं. मी एकटीच खोलीत बसून टाळी वाजवली. आपण जिंकलो असं मला वाटत होतं. इतकी मूर्ख होते मी.

भिंत बांधून होत आली तेव्हा भाऊ घरी आले. ते अजून सरांकडंच होते, तीन लेकरं होती, त्यांना राजीनामा परवडणारा नव्हता. म्हणाले, "आमची आक्का तिथंच असती, साइटच्या खालच्या अंगाला. तिला ती गोळ्यांची फिल्म बघायचीय. मी सांगितलं होतं तिला. येता का?"

त्यांची थोरली बहीण त्या वस्तीवर दिली होती. दहा-बारा पत्र्याची घरं, मेंढरांचे वाडे, एक कडुलिंब. चारा-पाणी नव्हतं म्हणून पुरुष माणसं कळप घेऊन लांब गेली होती आणि मागं राहिलेल्या बाया मिळेल त्या कामाला जात होत्या. आक्का त्या भिंतीच्याच कामावर होती. घमेली उचलून डोक्याला पडलेला घट्टा तिनं मला पदर सारून दाखवला, कौतुकानं.

बाजेवर लॅपटॉप ठेवून मी फिल्म लावली. आक्का वाकून बघत होती. रंगीत गोळे आले तेव्हा हसली नाही. बोटानं त्यांच्या मागं मागं जात राहिली.

"हे माळावरचं पाणी," ती म्हणाली. "व्हय. असंच येतंय. हितं भिंतीला थडकलं. ती भिंत आमीच रचली. बरं. कडंकडंनी निघालं. मग ह्या टोकाला येऊन खाली पडतंय, ते कुठं जातंय?"

"तिथं जमीन संपते, आक्का. म्हणजे कॉम्प्युटरमधली. हद्दीच्या पुढचं मी काढलंच नाही."

"पुढं तर आमी हाय की."

ती रागानं बोलली नव्हती. तिनं नुसतं हात करून दाखवलं. नालीचं तोंड होतं तिथून तिच्या दारापर्यंत जमीन सरळ उतरत होती, अनवाणी न चालता मलाही दिसेल अशी.

मला तिथंच बसून राहवेना. हद्दीवरून खाली पडलेले गोळे कॉम्प्युटरला जड होतात म्हणून ते पुसून टाकायची सूचना मी स्वतः लिहिली होती. सरांनी ओढा पुसला, मी ही दहा-बारा घरं पुसली. सरांना निदान ठाऊक होतं ते काय करताहेत. मी तर वर टाळी वाजवली होती. तोपर्यंतचा माझा राग सोयीचा होता, बाहेरच्या लोकांवरचा. त्या दिवशीपासून तो माझ्याही अंगाला चिकटला.

पुढच्या दोन रविवारी आम्ही वस्तीचे लेव्हल, म्हणजे जमिनीच्या उंचीचे आकडे, घेतले. ऑफिसचं यंत्र आणता येत नव्हतं. भाऊंनी चितेगावच्या एका ओळखीच्या ठेकेदाराकडून लेव्हल मोजायची जुनी दुर्बीण मागून आणली. मोजायची उंच पट्टी आक्कानं धरली. भाऊ लांबून हातवारे करायचे आणि ती पट्टी अशी सरळ धरायची की त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. मी आकडे लिहून घेतले, घरी येऊन जमीन पुढं वाढवली आणि गोळे सोडले. नालीनं सगळं पाणी गोळा करून, वेग देऊन, नेमकं वस्तीवर आणून सोडलं होतं. आधी जे पाणी पसरून येत होतं ते आता एका तोंडातून येणार होतं.

ही फिल्म घेऊन मी बिल्डरकडं गेले. त्यानं चहा मागवला. शांतपणे बघितली आणि म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणालात म्हणून भिंत बांधली. आता तुम्हीच म्हणता भिंत चुकली. हद्दीच्या बाहेर मी हात लावू शकत नाही. लावला तर उद्या तुम्हीच म्हणाल, अतिक्रमण केलं."

"नालीचं तोंड तुमच्या हद्दीत आहे."

"पाणी पडलं कुठंय अजून?"

प्रत्येक जण तेच विचारत होता. सरांनी विचारलं, यानं विचारलं, आणि ज्या सरकारी कार्यालयात आम्ही अर्ज घेऊन गेलो तिथल्या बाबूनंही. फिल्म बघायला त्याच्याकडं वेळ नव्हता, आणि ती जोडायला अर्जात रकाना नव्हता. मी चित्रं छापून आणली, ती त्यानं टाचणीनं अर्जाला टोचली. मग म्हणाला, "बाई, पंचनामा पाऊस पडल्यावर होतो. पडायच्या आधीचा पंचनामा नसतो." आक्का माझ्या शेजारी उभी होती, एक दिवसाची मजुरी बुडवून. ती बाहेर आल्यावर म्हणाली, "चला. हे लोक काय नाय करायचे. आपुन चर खांदू."

चर कुठून खणायचा ते आम्ही त्याच बाजेवर ठरवलं. आक्का बोटानं पडद्यावर रेघ दाखवायची, मी जमिनीत तसा चर काढायचे आणि गोळे सोडायचे. वस्तीतल्या बाया भोवती बसून बघायच्या. पहिल्या चरातून गोळे वस्ती चुकवून शेजारच्या शेतात शिरले. मी म्हटलं, जमलं. आक्कानं मान हलवली.

"त्याच्या रानात नको. पावसाळ्यात त्याची बाजरी असती तिथं."

"पण आक्का, त्याच्या शेतात पाणी गेलं तर त्याला हवंच असेल."

"पाणी पायजे, लोंढा नको. त्याला इचारलंय का आपुन?"

कॉलेजात आणि ऑफिसात मिळून आठ वर्षं घालवली होती, आणि शेजाऱ्याला विचारलं का, हा प्रश्न मला एकदाही कोणी विचारला नव्हता. दुसरा चर लांबला आणि मध्येच फुटला. तिसरा आम्ही जुन्या खदानीकडं वळवला, जिथून पूर्वी कोणीतरी मुरूम काढून नेला होता. गोळे एकेक करून खदानीत जाऊन पडले. बाया उठल्या आणि दुसऱ्या दिवसापासून, कामावरून आल्यावर उजेड असेपर्यंत, खणायला लागल्या. चर पुरा व्हायला उन्हाळा गेला. मीही खणलं, पण माझ्या खणण्यानं काही फरक पडला असं म्हणणार नाही.

त्या वर्षीचा पावसाळाही कोरडाच गेला. पाऊस आला तो पुढच्या वर्षी, इमारती उभ्या राहिल्यावर. एका दुपारी दोन तासांत सगळं राहिलेलं उरकून टाकावं तसा आला. भाऊंचा फोन आला आणि मी स्कूटर काढून निघाले. पैठण रोडवर पाणीच पाणी. वस्तीवर पोचले तेव्हा जोर ओसरला होता. चरानं बरंचसं पाणी खदानीत नेलं होतं, पण एका वळणावर काठ फुटला होता, आणि तिथून जे शिरलं ते आक्काच्या आणि तिच्या जावेच्या घरात. गुडघाभर. ज्वारीचं पोतं भिजलं, अंथरुणं भिजली. मेंढरं वरच्या अंगाला बांधली होती, ती वाचली. आक्का दारात उभी राहून घमेल्यानं पाणी बाहेर काढत होती. मला बघून म्हणाली, "त्या वळणाला आजून हातभर खोल पायजे होतं." तेवढंच. मला वाटत होतं तिनं मला शिव्या द्याव्यात.

तिसऱ्या इमारतीचा तळमजला कोरडा राहिला. कंडक्टरांनी संध्याकाळी फोन करून आभार मानले. त्यांचा काही दोष नव्हता, तरी मला त्यांच्याशी नीट बोलता आलं नाही. आठवड्याभरात रस्त्यावर बिल्डरचा नवा फलक लागला, मुसळधार पावसातही पूर्ण सुरक्षित. पंचनामा करायला माणूस आला आणि घरं अधिकृत आहेत का, असं विचारून गेला.

वळण आम्ही पुन्हा खोल केलं. नंतर मी नोकरी केली नाही. कोणी बोलावलं तर जाते, गावाचा, गल्लीचा उतार काढते, गोळे सोडते आणि दाखवते. जमीन आता हद्दीच्या बरीच पुढं वाढवून घेते. कॉम्प्युटर अडखळतो, अडखळू दे. राग यानं कमी होतो असं लोक म्हणतात. माझा झालेला नाही, आणि व्हावा असं मला फारसं वाटतही नाही.

गेल्या वर्षी सरांचा फोन आला. आवाज थकलेला वाटला. नव्या प्रोजेक्टसाठी ते रंगीत गोळे हवे होते. क्लायंट अजून त्यांची आठवण काढतात, म्हणाले.

"सर, हद्दीच्या बाहेरचे लेव्हल कुठपर्यंत घेतलेत?" मी विचारलं.

ते हसले. "अगं, लेव्हल कशाला? नुसते गोळे हवेत."

मी नाही म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही. दोन महिन्यांनी भाऊ भेटले तेव्हा कळलं की बाहेरच्या कोणाकडून तरी करून घेतले. उद्घाटनाला भाऊ गेले होते. मी विचारलं, कसे झालेत.

"झालेत चांगले," भाऊ म्हणाले. "पण ते चढावर जातात, मॅडम. खालून वर."

"आणि लोक?"

"लोकांनी टाळ्या वाजवल्या."